अठरा वर्षांची मादी

"तुमच्या लांडग्यांनी आतापर्यंत किती एल्क खाल्ले, आणि जेवणाआधी ते प्रार्थना म्हणतात का?"

मॅरिटनं उभं राहून विचारलं, तेव्हा तिच्या हातातला लेमोनेडचा पेला जराही हलला नाही. विचारूनच दाखव, अशी पैज मागच्या रांगेतल्या शेल्बी आणि ब्रिननं लावली होती. रविवारची दुपार होती, अग्निशमन केंद्राचा हॉल गच्च भरलेला, आणि सगळा हॉल हसला. मॅरिटनं मात्र एकाच माणसाकडे पाहिलं. तिचे बाबा, व्हर्न, भिंतीला टेकून उभे होते. तेही हसत होते. तिला तेवढंच हवं होतं.

लांडगे खोऱ्यात परत आणून सोडले त्याला तीस वर्षं होत आली, तरी दर हिवाळ्यात ही सभा भरायची आणि दर वेळी तेच भांडण निघायचं. व्हर्न शिकाऱ्यांना खेचरांवरून डोंगरात न्यायचा. एल्क हरणांचे कळप ओसरले तसे शिकारीही ओसरले, आणि तबेल्यातल्या वीस खेचरांची सात झाली.

"प्रार्थना अजून ऐकली नाही," लांडग्यांच्या अभ्यासाला या वर्षीच आलेल्या जोअ‍ॅन पेल्टिए म्हणाल्या. "पण काय खाल्लं ते दाखवते."

त्यांच्या मुलीनं, ओडेटनं, टेबलावर एक खोका उपडा केला. लांडग्यांनी मारलेल्या एल्कचे जबडे. प्रत्येकाला वरचे दोन सुळे दोऱ्यानं बांधलेले, आणि वयाची चिठ्ठी.

"कळप कमी झालेत, ते खोटं नाही," जोअ‍ॅन म्हणाल्या. "त्यात लांडगे आहेत, अस्वलं आहेत, कोरडे उन्हाळे आहेत. आणि बंदुका आहेत. लांडगा बहुतेक म्हातारी मादी उचलतो, ती तशीही व्यायणार नसते. बंदूक ऐन वयातली उचलते. हिवाळ्यात तशा मादीच्या पोटात बहुधा पाडस असतं."

"आम्हीही म्हाताऱ्याच उचलतो, बाई," व्हर्न भिंतीजवळून म्हणाला. "दात बघायला आम्हाला खोका लागत नाही."

"मग या की, व्हर्न. ओडेट चिठ्ठ्या झाकेल."

तो टेबलापाशी गेला, आणि मॅरिटची सगळी मजा तिथेच सांडली.

व्हर्न जबडा उचलायचा, दाढांवरून अंगठा फिरवायचा आणि वय सांगायचा. तेरा. सोळा. नऊ, आणि ही लंगडत होती बघ, एकाच बाजूनं चावायची. ओडेट चिठ्ठी उलटायची. कधी बरोबर, कधी एका वर्षाचा फरक. मग त्यानं चिठ्ठी झाकून एक जबडा ओडेटच्या हातात दिला.

"आता तू."

"चौदा?"

"का?"

"मागची दाढ कपासारखी खोल झालीय."

"डोळे आहेत हं पोरीला," व्हर्न हॉलला ऐकू जाईल असं म्हणाला.

मॅरिटनं लेमोनेडचा पेला खाली ठेवला. सोळा वर्षांत तिनं खेचरांचे खूर खरवडले होते, खोगिरं पुसली होती, बर्फात ती गाठी मारायला शिकली होती. 'डोळे आहेत' असं कोणी तिला म्हटलं नव्हतं. आणि ही ऑगस्टमध्ये गावात आलेली, जिला अजून खेचराजवळ कुठल्या बाजूनं जायचं तेही माहीत नाही.

"तुझे बाबा पळवले गं तिनं," शेल्बी कानात म्हणाली.

"गप बस."

मॅरिट उठली ती सरळ टेबलापाशी. गळ्यातली साखळी काढून तिनं ओडेटसमोर धरली. साखळीत एल्कचे दोन सुळे होते. मूल जन्मलं की त्या हंगामातल्या शिकारीचे सुळे त्याच्यासाठी राखून ठेवायचे, ही खोऱ्यातली रीत. मॅरिटचे जानेवारीतले होते, तिच्या जन्माच्या आठवड्यातले.

"हे सांग," ती म्हणाली.

ओडेटनं सुळे उजेडात फिरवले. टोकं नखानं चाचपली.

"चार वर्षांची. फार तर पाच."

मॅरिट हसली. किती दिवसांनी इतकं छान वाटत होतं. "चूक. अठरा वर्षांची म्हातारी होती ती, दात झिजलेली, वसंतापर्यंतही टिकली नसती. बाबांनी स्वतः मारलीय. विचार त्यांना."

व्हर्ननं हात पुढे केला. साखळी तळहातावर घेतली आणि मूठ मिटली.

"म्हातारीच होती," तो म्हणाला. "चुकलीस, पोरी."

ओडेटचे कान लाल झाले. "सॉरी, सर," ती म्हणाली, आणि जबडे एकेक करून खोक्यात ठेवू लागली. मागून शेल्बीनं शिट्टी मारली.

व्हर्ननं साखळी मॅरिटच्या गळ्यात घातली. आकडा लावायला त्याला तीनदा प्रयत्न करावा लागला. तेव्हा तिच्या लक्षात आलं. बावीस जबडे त्यानं डोळ्यांजवळ नेऊन पाहिले होते. हे सुळे त्यानं पाहिलेच नव्हते.

सगळे हकलबेरी या रानफळाच्या पाईकडे वळले. पाई मॅरिटची आई, लोरा, कापत होती. मॅरिट टेबलापाशीच राहिली. खोक्यात सर्वांत वर एक जबडा होता, चिठ्ठीवर 'सतरा'. त्याचे सुळे झिजून चपटे झालेले, कडेनं चहासारखे तपकिरी. तिनं आपले त्यांच्याशेजारी धरले. गोल, भरीव, दुधासारखे. ओडेट समोरच उभी होती, सगळं बघत. काही बोलली नाही. त्यामुळे तर मॅरिटला तिचा आणखीच राग आला.

परतताना पिकअपच्या एकाच लांब सीटवर तिघं बसली होती, मॅरिट मधे. नदीपलीकडच्या उतारावर आठ-दहा एल्क बर्फ उकरत होते. व्हर्ननं नेहमीसारखे मोजले नाहीत.

"काय गं, जीभ हॉलमध्येच विसरलीस?" आई म्हणाली. "सभेत तर केवढी चालत होती."

मॅरिट सुळ्यांवर अंगठा फिरवत होती.

"आई, जानेवारीत माझ्या वेळी बाबा डोंगरात किती दिवस होते?"

"सहा. रिकाम्या हातानं घरी यायचं नाही म्हणून हटून बसले होते." लोरा खिडकीबाहेर बघत राहिली. "शेवटच्या दिवशी जे समोर आलं ते."

व्हर्ननं गिअर बदलला आणि हात तिथेच राहू दिला. मॅरिटनं त्या हाताकडे पाहिलं. हॉलमध्ये तो तिच्यासाठी मिटला होता, ओडेटसाठी नाही. हे तिला कळत होतं, आणि आवडतही होतं. तेच तर वाईट होतं.

फाटकापाशी गाडी थांबली. फाटक उघडायचं काम तिचं. आईला ओलांडून ती उतरली, पण दार धरून तशीच उभी राहिली.

"सभेत सांगितलं ना, शनिवारी ओडेट आणि तिची आई डोंगरात जाणार आहेत, जबडे गोळा करायला," ती म्हणाली. "मी त्यांच्याबरोबर जाणार. बाबा, मला म्हातारं खेचर लागेल, ते बर्फाला बिचकत नाही. आणि जाण्याआधी मी ओडेटला सांगणार आहे की ती चुकली नव्हती."