मटारच्या पिशवीतली बाटली

मार्नीने आमच्या नव्या रोपावरचं गांजाचं फूल चोळलं आणि बोटं माझ्या नाकाशी धरली. "हुंग."

संत्र्याची साल, आणि मागून ओल्या लाकडाचा वास. अरेच्चा, हा तर सासूबाईंच्या झाडांचा वास! पोलिसांनी हेलिकॉप्टर आणून त्यांचं सगळं पीक उपटून नेलं, तेव्हापासून हम्बोल्टच्या डोंगरात तो वास कुणाला आला नव्हता. लॅबवाले वासाच्या असल्या तेलांना टर्पीन म्हणतात. म्हणोत बापडे. मार्नी, माझी बायको, तिथेच मातीत बसून रडली.

अडचण होती या रोपाच्या बापाची. गांजाचं नर झाड वेगळं असतं, आणि त्याचा वास धड कळत नाही. लेकी फुलल्यावर बापाची किंमत कळते, तोवर त्याला उपटून टाकलेलं असतं. उरले होते फक्त त्याचे परागकण, बोटाएवढ्या बाटलीत, आमच्या फ्रीझरमध्ये. ही लेक कलमांवर जगली असती, पण तो वास बियांत पक्का करायचा तर पुढल्या हंगामात तिच्यावर बापाचेच परागकण टाकायला हवे होते.

दुसऱ्याच दिवशी मेला वारा सुटला. वणवा पेटू नये म्हणून डोंगरभर वीज बंद केली. जनरेटर आमच्याकडे एकच, आणि खालच्या घरातला म्हातारा ओटिस ऑक्सिजनच्या यंत्रावर. विचार कसला करायचा? जनरेटर त्याच्याकडे नेला, बाटलीही नेली. मार्नीने ती त्याच्या फ्रीझरमध्ये मटारच्या पिशवीत खुपसली.

"त्याला सांग तरी," मी म्हटलं.

"गप रे! असलं कुणाला सांगत सुटतात का?"

गांजा कायदेशीर होऊन वर्षं झाली, पण लपवायची खोड हाडात मुरलेली.

वीज आल्याबरोबर आम्ही खाली धावलो. ओटिस नाकात नळी घालून खुशीत बसला होता.

"या, या! पेट्रोल संपत आलं, म्हणून परवाच फ्रिजची वायर उपटली. आत होतं काय, तर मटार! तुमचं पेट्रोल वाचवलं की नाही?"

मार्नीने पिशवी उघडली. बाटलीत पाणी शिरलं होतं, पिवळी पूड ओल्या पिठासारखी काचेला चिकटली होती. सगळं मेलेलं. मला बोंब ठोकावीशी वाटली, पण कुणाच्या नावाने?

"काय गं, चुकलं का माझं?" ओटिसने विचारलं.

"छे! बरं केलंत, काका," मार्नी म्हणाली. बाटली मुठीत धरून तिने दुसऱ्या हाताने त्याची वाकडी झालेली नळी सरळ केली.