पळून आलेला माणूस

वेल्डरच्या बायकोनं वहीचं पान टर्रकन फाडलं, टेबलावर पसरलं आणि पेन्सिल फिटरच्या हातात कोंबली.

"काढा, भावजी. खिडकी कुठे, पहारेकरी कुठे बसतो, सगळं काढा."

"कशाला हवंय, वहिनी?"

"रेडिओवर सांगायला. शुक्रवारी सकाळी ओलीस धरलेल्यांच्या घरच्यांना एक मिनिट देतात. तुम्हीच म्हणालात ना, तेवढा कार्यक्रम ते लोक तुम्हाला ऐकू द्यायचे? आडून आडून सांगेन. आमच्या ह्यांना विनोद दुसऱ्या दिवशी कळतो, पण हे कळेल."

ओट्याशी फिटरची बायको चहा गाळत होती. गाळणी हवेतच थांबली.

फिटर पळून कसा आला, ते सगळ्या गावाला पाठ होतं. पेपरात छापून आलं होतं: चमच्यानं खिडकीचा गज सैल केला, तीन रात्री दगडधोंड्यांतून चालला, सरहद्दीवरच्या चौकीत येऊन कोसळला. चमचा! जिथे जेवायलाही एकच हात सोडत, तिथे चमचा. ही गोष्ट एका थंडगार खोलीत, गुळगुळीत दाढी केलेल्या अधिकाऱ्यानं रचली होती. फिटरनं खाली सही तेवढी केली. अतिरेक्यांना आम्ही छदामही देत नाही, असं मंत्री छाती ठोकून सांगत होते, त्याच आठवड्यात नोटांच्या दोन पेट्या वाळवंटात उतरल्या. दोन्ही पेट्या एकाच माणसासाठी. फिटर सरकारी नोकरीत कायम होता. वेल्डर ठेकेदाराचा माणूस. त्याचं नाव कुठल्याच यादीत नव्हतं. तिथली पाण्याची बोअर मात्र दोघांनी मिळून पाडली होती, आणि उचललंही दोघांना एकाच गाडीतून.

सही घेताना अधिकारी म्हणाला होता, "तोंड उघडलंस, तर मागे राहिलेल्यांचं दार बंद. बोलणी चालू आहेत." ती खरोखर चालू होती की नाही, देव जाणे.

"तिथून पळता येत नाही, वहिनी."

"तुम्ही आलात की."

"माझं नशीब."

"मग तेवढं नशीब ह्यांचंही असेल. की तेही ठेकेदाराला विचारून लिहिलंय?"

फिटर पेन्सिल बोटांत फिरवत राहिला.

"एक विचारू?" तिचा आवाज खाली आला. "ह्यांना का नाही घेतलंत बरोबर? लोक बोलतात. मीच भांडते त्यांच्याशी, भावजी तसले नाहीत म्हणून."

"शेवटचा महिना आम्हाला वेगळं ठेवलं होतं." हे खरं होतं. खरं बोलल्यावर त्याला जरा धीर आला. "ऐका माझं. आमच्याबरोबर धरलेला आचारी पळाला होता. दहा पावलं गेला असेल. मग आम्हाला रांगेत उभं करून त्याचं प्रेत दाखवलं. पुन्हा कुणी उठू नये म्हणून."

"दहा पावलं," ती म्हणाली. जणू कोणी तिला भाव सांगितला होता आणि तो परवडण्यासारखा होता. "ह्यांच्या ढांगा मोठ्या आहेत. काढा तुम्ही खिडकी."

फिटरनं पेन्सिल ठेवली. वाकून एक मोजा काढला, मग दुसरा. खुर्ची मागे सरकवून त्यानं दोन्ही तळवे तिच्यासमोर धरले. परत येऊन आठच दिवस झाले होते. तळव्यांवर एक फोड नव्हता, एक ओरखडा नव्हता. फिटरच्या बायकोनं मान फिरवली. पहिल्या दिवशी तिनंच ते पाय धुतले होते, आणि काही विचारलं नव्हतं.

"जीपमधून आणलं मला," तो म्हणाला. "पैसे देऊन सोडवलं. खिडकी नव्हतीच, वहिनी. भिंत होती नुसती."

ती त्या पायांकडे बघत राहिली. चहावर साय धरली.

"म्हणजे देतात," ती म्हणाली. "दर सोमवारी त्या ऑफिसात बाकावर बसते मी. साहेब सांगतो, बाई, सरकार असल्या लोकांना पैसे देत नाही. पाणी पण विचारतो मेला. म्हणजे देतात."

"वहिनी, हे बाहेर गेलं, तर—"

"तर ह्यांना कोण सोडवणार. कळलं. अडाणी असेन, वेडी नाही."

तिनं कोरं पान चुरगाळलं, पिशवीत टाकलं आणि चहा न घेता निघून गेली.

तीन दिवस फिटर धड जेवला नाही. ती काय बोलेल? खरं बोलली, तर दार बंद. जुनंच बोलली, तर दहा पावलं.

शुक्रवारी सकाळी त्यानं रेडिओ लावला. भिंतीपलीकडे शेजाऱ्यांकडेही तोच कार्यक्रम चालू होता. एक आवाज दोन्हीकडून येत होता.

"अहो, ऐका. पोरगी बरी आहे, दात पडलाय तिचा. तुमचा दोस्त आलाय. तुम्हाला तिथे टाकून पळून आला. पळपुटा निघाला. मी त्याच्या दारात थुंकून आले. तुम्ही तसलं काही करायचं नाही. माझी शपथ आहे. देतील ते खा, सांगतील तिथे बसा. जागचे हलू नका. मी आहे इथे, मी बसलेय बाकावर."

मिनिट संपलं. पलीकडून कोणीतरी "शी!" म्हणालं, मुद्दाम ऐकू जाईल असं. मग त्यांची खिडकी धाडकन लागली.

फिटरच्या बायकोनं रेडिओ बंद करायला हात पुढे केला. तिचे डोळे भरले होते. त्यानं तो हात धरला.

"दुपारी परत लावतात हाच," तो म्हणाला. "तेव्हा आवाज मोठा ठेव."