नीलामावशीच्या फ्रिजवरचा कागद

सौमित्रकडे सल्ला मागावा लागत नसे, तो आपणहून मिळे. बॉस्टनजवळच्या श्रूजबरीत कुठल्याही मराठी घरी पॉटलक असो, पाणीपुरीची दुसरी फेरी व्हायच्या आत हा गृहस्थ कुणाला तरी कोपऱ्यात गाठून सांगत असे की म्युच्युअल फंडवाले तुम्हाला कसे नागवतात आणि शहाण्या माणसानं ईटीएफच का घ्यावेत. पेशानं सॉफ्टवेअर इंजिनिअर. शेअरबाजाराशी संबंध काय, तर लंचला वाचलेल्या वेबसाइटी आणि घरी केलेल्या एक्सेलच्या शीट. पण बोलायचा असा, की समोरच्याला वाटावं आपण इतकी वर्षं झोपलोच होतो. त्याची बायको ज्ञानदा अशा वेळी मुद्दाम उठून यजमानांची भांडी विसळायला जायची.

तर २००७ च्या सप्टेंबरात कॅनडाचा डॉलर अमेरिकेच्या डॉलरच्या बरोबरीला आला, तीस वर्षांत पहिल्यांदा, आणि त्याच आठवड्यात मिसिसागाहून नीलामावशीचा फोन आला. नीलांबरी म्हणजे सौमित्रच्या आईची धाकटी बहीण. टोरांटोजवळ टपालखात्यात पत्रं निवडण्यात उभा जन्म काढून रिटायर झालेली, नवरा जाऊन सहा वर्षं, मूलबाळ नाही. सौमित्र इकडे शिकायला आला त्या पहिल्या हिवाळ्यात तो पुण्याच्या स्वेटरवर दिवस काढतोय हे कळल्यावर ही बाई रात्रभर बसमध्ये बसून कोट घेऊन आली होती. कोट त्याला दोन बोटं मोठा झाला, पण तो त्यानं पाच वर्षं वापरला.

"माझं सगळं कॅनडातच पडून आहे रे," मावशी म्हणाली. "बँकेतली मुलगी म्हणते, थोडं बाहेरच्या देशांतही घाला. तुला कळतं ना त्यातलं?"

कळतं ना म्हणजे काय. सौमित्रला आकाश ठेंगणं झालं. चार वीकेंड त्यानं त्यात घातले. ज्ञानदाच्या मैत्रिणीकडच्या बारशाला जाणं कॅन्सल केलं. अखेर एका कागदावर तीन नावं उतरली. ईटीएफ म्हणजे एक टोपली. एक नग घेतला की आत शेकडो कंपन्यांचा तुकडा तुकडा येतो. पहिल्या टोपलीत अमेरिकेच्या पाचशे कंपन्या, दुसरीत युरोप आणि जपान, तिसरीत चीन, ब्राझील, भारत. तिन्ही टोरांटोच्या बाजारात, कॅनडाच्या डॉलरमध्येच मिळणाऱ्या, म्हणजे मावशीला चलन बदलायची कटकट नको. पहिल्या दोन तर 'हेज्ड', म्हणजे परक्या चलनाच्या चढउताराची झळ लागू नये अशी सोय केलेल्या. कॅनडाचा डॉलर आता वरच जाणार, अमेरिकेचा पडणार, मग त्या पडण्याचा तोटा आपण का सोसायचा, असं त्याचं गणित होतं. या हेजवर तो स्वतःच इतका खूश होता की ज्ञानदाला त्यानं ते तीनदा समजावून सांगितलं.

आणि कागदाच्या तळाशी, मावशीला इंग्रजीचा कंटाळा येईल म्हणून, स्वतःच्या अक्षरात मराठीतून लिहिलं: 'कॅनडाचा बाजार म्हणजे बँका, तेल आणि खाणी. इकडे पडलं तर तिकडे सावरेल.'

कागद पोस्टानं गेला. मावशीनं तो फ्रिजवर लावला आणि नोव्हेंबरात फोनवर सांगितलं, "घेतले बरं का तुझे तिन्ही." त्यानंतर दर रविवारी सकाळी सौमित्रचा फोन ठरलेला. मावशी, तुझं अमेरिका असं, तुझं युरोप तसं. मावशी हो हो म्हणायची आणि मग विचारायची की भाजी काय केलीत.

पुढच्या वर्षीचा ऑक्टोबर कसा गेला ते नव्यानं सांगायला नको. टोरांटो पडलं, न्यूयॉर्क पडलं, लंडन, टोकियो, मुंबई, सगळे एकमेकांचा हात धरल्यासारखे पडले. तिकडे सावरायला कुणी उरलंच नाही. त्यात कॅनडाचा डॉलर ऐंशी सेंटांच्याही खाली गेला. म्हणजे साधे, बिनहेजचे फंड घेतले असते तर अमेरिकेच्या महागलेल्या डॉलरनं निदान थोडी उशी दिली असती. ती उशी सौमित्रनं चार वीकेंड खर्चून, हुशारीनं काढून टाकली होती. त्यानं एक्सेल उघडलं तेव्हा शंभराचे सत्तावन्न झाले होते.

रविवारचा फोन बंद झाला. पहिल्या रविवारी डोकं दुखत होतं, दुसऱ्या रविवारी गाडीचं ऑइल बदलायचं होतं, तिसऱ्या रविवारी कारणही सुचलं नाही. ज्ञानदा म्हणाली, "अरे, निदान तिला विचार तरी, कशी आहेस." तो म्हणाला, "काय तोंडानं विचारू?" स्वतःचे पैसे बुडाले त्याचं त्याला दुःख होतंच, पण त्यानं जेवण तुटत नव्हतं. मावशीचं आठवलं की घास तोंडात फिरायचा.

आणि मग मावशीनंच कळवलं की दिवाळीला येतेय.

शनिवारी दुपारी ती आली. बॅगेत फराळाचे चार डबे, पाठ थोडी वाकलेली, आणि नेहमीची बडबड नाही. तेवढ्यावरून सौमित्रनं ओळखलं, की हिशोब विचारायला आली आहे. ज्ञानदानं चहा टाकला. चकलीचा डबा उघडला गेला, पण कुणी हात घालेना.

"मावशी," सौमित्र म्हणाला, "मला आधी बोलू दे. मी तुझं वाटोळं केलं. निम्मे गेले, मावशी. जवळजवळ निम्मे. आणि ते हेजचं होतं ना, ते मी नसतं सांगितलं तर एवढे गेले नसते. आय ॲम सो सॉरी. मी फोन केला नाही कारण मला लाज वाटत होती." एवढं एका दमात बोलून त्यानं मान खाली घातली. चौतीस वर्षांचा बाप्या, डोळे भरून आले होते.

मावशीनं हातातला कप खाली ठेवला.

"माझे नाही गेले," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"मी घेतलेच नाहीत."

सौमित्रला कळेना की हे काय ऐकतोय. मावशीनं सांगितलं ते असं. ती कागद घेऊन बँकेत गेली होती. तिथल्या मुलीनं एक फॉर्म पुढे केला. त्यात लिहिलं होतं की पैसे कमी होऊ शकतात हे मला समजलं आहे. मावशीनं तो फॉर्म अथपासून इतिपर्यंत वाचला, कारण उभा जन्म लोकांची अक्षरं वाचण्यात गेला होता, आणि मग म्हणाली, मला हे समजलेलं नाही, आणि सगळे पैसे मुदत ठेवीत ठेवून घरी आली.

"पण तू घेतले म्हणालीस. मी वर्षभर दर रविवारी तुला..."

"तू किती खपला होतास रे. ज्ञानदा सांगत होती, बारशाला पण गेला नाहीस. तुला कसं सांगायचं की नाही घेतले?"

सौमित्र उठला, परत बसला, आणि हसायला लागला. छातीवरचा धोंडा कुणी उचलून बाजूला ठेवला होता. तीन आठवड्यांत पहिल्यांदा त्याला भूक लागली. त्यानं एक चकली उचलली, मग दुसरी. "ग्रेट आहेस यार मावशी," तो तोंड भरलेलं असतानाच म्हणाला. ज्ञानदाही हसली. मावशी मात्र हसली नाही, आणि ते आधी ज्ञानदाच्या लक्षात आलं.

"तसं ज्यांनी घेतलंय," मावशीनं विचारलं, "त्यांचे येतील ना रे परत? मार्चपर्यंत?"

"कुणी घेतलंय?"

मावशी पदराशी चाळा करत राहिली. मग म्हणाली, "उत्तरानं." उत्तरा तिची मिसिसागातली जिवाभावाची मैत्रीण. इस्पितळाच्या स्वयंपाकघरात राबून दोन वर्षांपूर्वी सुटलेली, तीही एकटी. नवरा गेल्यावर घर विकलं, आणि एका बांधायला घेतलेल्या इमारतीत एक खोलीचा फ्लॅट बुक केला. घराचे आलेले पैसे मार्चमध्ये फ्लॅटसाठी भरायचे होते. तोवर ते नुसते पडून होते. एक लाख चाळीस हजार.

"तिनं फ्रिजवरचा कागद पाहिला. मी म्हटलं, माझ्या भाच्यानं काढून दिलंय, बॉस्टनजवळ असतो, फार हुशार. लायब्ररीत जाऊन झेरॉक्स काढून दिली तिला. ती म्हणाली, तू घेतलेस का?" मावशी थांबली. "मी हो म्हटलं. तुला हो म्हटलं होतं ना, मग तिला नाही कसं म्हणू? मी घेतलेत म्हणून तिनं घेतले."

हातातली चकली सौमित्रनं ताटलीत ठेवली. ज्ञानदानं गॅस बंद केला, खरं तर तो बंदच होता. एक लाख चाळीस हजाराचे किती झाले हे सौमित्रला एक्सेलशिवायही कळलं. या बाईला त्यानं आयुष्यात पाहिलं नव्हतं.

"तिला माहीत आहे?" त्यानं विचारलं.

"ती त्याविषयी बोलतच नाही. परवा पडद्याचं कापड दाखवत होती. मला नाही रे सांगवत. तू सांग. तुला नीट समजावता येतं."

नीट समजावता येतं. आजवर हे वाक्य ऐकलं की त्याची छाती फुगायची. आता त्याला ते चपराकीसारखं लागलं. पण फोन त्यानं उचलला. मावशीनं सांगितलेला नंबर लावून स्पीकर चालू केला, फोन मधे टेबलावर ठेवला आणि आपलं नाव सांगितलं.

"अगंबाई, सौमित्र," पलीकडून भरभरून आवाज आला. "किती दिवस म्हणत होते तुला फोन करून थँक्यू म्हणावं. नीला पोचली ना रे नीट? चकल्या मीच पाडून दिल्यात, तिच्या मोडतात."

"काकू, मी त्या फंडांविषयी..."

"हो, बघ ना काय चाललंय. टीव्हीवर रोज सांगतात, टोरांटोचा बाजार कोसळला. आमच्या बिल्डिंगमधले लोक रडकुंडीला आलेत. मी म्हटलं, माझे तर सगळे बाहेर आहेत, माझ्या नीलाच्या भाच्यानं आधीच सांगून ठेवलंय. इकडे पडलं तर तिकडे सावरेल. बँकेची पाकिटं येतात, मी उघडतसुद्धा नाही. कशाला जिवाला घोर?"

स्वतःच्या हातचं वाक्य. सौमित्रनं डोळे मिटून घेतले. मग त्यानं सांगितलं. या वेळी टोपल्या नाहीत, हेज नाही, युरोप नाही. त्यानं सांगितलं की काकू, तिकडेही पडलं. सगळीकडे एकदम पडलं. माझं चुकलं. तुमच्या एक लाख चाळीस हजाराचे आज ऐंशी हजार आहेत, आणि मार्चपर्यंत परत येतील असं मी तुम्हाला सांगू शकत नाही.

फोनमध्ये मागे कुठेतरी कुकरची शिट्टी झाली. ज्ञानदानं मावशीच्या पाठीवर हात ठेवला.

"म्हणजे," उत्तरा म्हणाली, आणि तिचा आवाज आता एवढासा झाला होता, "म्हणजे नीलाचे पण गेले का रे? तिचं तर तेवढंच आहे. ती तिथे असेल तर तिच्यासमोर बोलू नकोस हं. सावकाश सांग तिला."

सौमित्रनं मावशीकडे पाहिलं.

मावशीनं हात पुढे करून फोन जवळ ओढला.

"उत्तरा, मी बोलतेय," ती म्हणाली. "माझे नाही गेले."