मुल्लाणींचा खुलासा

सिकंदर मुल्लाणींचा खुलासा तिसऱ्यांदा परत आला तेव्हा त्यांना वाटलं, कागद, टाक आणि दौत तिन्ही खिडकीतून खाली शाहूपुरीच्या रस्त्यावर भिरकावून द्यावीत. कागदाच्या डोक्यावर लाल शाईत पुन्हा तोच शब्द होता. मोघम.

गोष्ट चौऱ्याहत्तर सालातली. मुल्लाणी एका सहकारी संघाच्या कचेरीत अकरा वर्षं कारकून होते. अर्ज, टिपणी, स्मरणपत्रं, निवृत्त होणाऱ्याचं मानपत्र, संघात जे काही लिहिलं जाई ते त्यांच्याच हातून. मुल्लाणींच्या मसुद्यात बोट ठेवायला जागा नसते, असं खुद्द व्यवस्थापक हंबीरराव चारचौघांत सांगत. आणि आता त्याच हंबीररावांना त्यांचं अर्धं पान पसंत पडत नव्हतं.

घडलं होतं ते एवढंच. मार्चमधल्या एका मंगळवारी भर बाराला मुल्लाणी टेबलावरून उठले, कुणाला काही न सांगता एस.टी. स्टँडवर गेले आणि बिद्रीला बहिणीकडे जाऊन राहिले. शुक्रवारी परत आले. अकरा वर्षांत न सांगता एक रजा नाही, असा माणूस तीन दिवस गायब. मेमो निघाला, लेखी खुलासा द्यावा.

पहिल्या खुलाशात त्यांनी ‘घरगुती अडचणीमुळे’ असं लिहिलं. परत आला. दुसऱ्यात बहीण हुसेनबी आजारी असल्याचं लिहिलं. हंबीररावांनी विचारलं, आजार कसला आणि डॉक्टरची चिठ्ठी कुठं आहे. हुसेनबी ठणठणीत होती. उलट भावाला अवेळी दारात बघून तिनंच विचारलं होतं, घरात भांडून आलास काय. तिसऱ्यात त्यांनी ‘मानसिक अस्वास्थ्य’ असा वजनदार शब्द घातला. तोही परत आला.

रविवारी सकाळी राजारामपुरीतल्या आपल्या दोन खोल्यांत मुल्लाणी चौथा मसुदा घेऊन बसले. बायको नजीरा मेथी निवडत होती. त्यांनी तिला मसुदा वाचून दाखवला. तिनं ऐकलं आणि म्हणाली, “बाराला उठलात, ते समजलं. साडेअकराला काय झालं?”

काही झालं नाही, असं ते म्हणाले. तिनं मान हलवली आणि मेथी निवडत राहिली. त्या मान हलवण्यानं ते जास्तच चिडले. काही झालं नाही हे हिला दाखवून द्यायचंच, म्हणून त्यांनी कोरा कागद ओढला आणि त्या सकाळचं एकेक मिनिट लिहायला घेतलं. साडेदहाला आलो. टेबल पुसलं. दोन स्मरणपत्रं लिहिली. चहा घेतला. साडेअकराला केरबा आला.

केरबा संघाच्या गोदामातला हमाल. पोत्यांची थप्पी कोसळून त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली होती आणि त्याला हलकं काम हवं होतं. त्यानं डाव्या हातानं, वाकड्यातिकड्या अक्षरांत दोन पानं लिहून आणली होती. मुल्लाणींनी ती वाचली, बाजूला ठेवली आणि सवयीनं दोन ओळींचा अर्ज केला. ‘सदर अर्जदाराच्या हातास कामावर असताना इजा झाली असल्याने त्यास सुलभ स्वरूपाचे काम मिळणेस विनंती आहे.’ केरबानं तो वाचला आणि म्हणाला, “भाऊसाहेब, लिवलंय झ्याक. पर ह्यात मी कुठं हाय?”

इथं टाक थांबला. पुढचं लिहायचं म्हणजे आपण ओरडलो, हे लिहायला हवं होतं. सगळ्या कचेरीसमोर ओरडलो, अडाण्यासारखं खरडून आणतोस आणि वर मला शिकवतोस, असं म्हणालो, आणि त्याची दोन पानं फाडून टोपलीत टाकली. इतके दिवस मुल्लाणी स्वतःला सांगत होते की त्या दिवशी डोकं दुखत होतं.

त्यांनी ते लिहिलं. मग वाटलं, इतकं लिहिलंच आहे तर का ओरडलो तेही लिहावं. केरबाच्या दुसऱ्या पानावर एक ओळ होती. सदऱ्याची बटणं आता मालकीण लावते आणि ती लावत असताना मी भिंतीकडं बघतो, असं त्यानं लिहिलं होतं. ती ओळ मुल्लाणींनी दोनदा वाचली होती. अकरा वर्षांत त्यांनी ढिगानं कागद लिहिले, त्यांत अशी एक ओळ नव्हती. ‘मला त्या हमालाचा हेवा वाटला,’ असं त्यांनी लिहिलं आणि लिहिल्यावर ते स्वतःच त्या शब्दाकडे बघत बसले. कागदावर येईपर्यंत त्यांना ते ठाऊकच नव्हतं.

चार पानं भरली. नजीरानं ती सगळी वाचली. हे खरं आहे, म्हणाली, पण कचेरीत देऊ नका. मुल्लाणींनी सोमवारी सकाळी दिलं.

हंबीररावांनी चारही पानं वाचली आणि कपाळावर हात मारला. हे फाइलला लावायचं कसं, उद्या तपासणीला साहेब आले तर काय दाखवायचं, असं म्हणत त्यांनी कागद परत सरकवले. “प्रकृती ठीक नव्हती, एवढं लिहा की. मी लगेच सही करतो.”

मुल्लाणींना हसावं की डोकं आपटावं ते कळेना. असलीच वाक्यं मोघम म्हणून परत करत पंधरा दिवस यांनी जीव खाल्ला होता. ते म्हणाले, “साहेब, ते मोघम होईल.”

तीन दिवस बिनपगारी धरले गेले आणि सेवापुस्तकात शेरा बसला.

दुपारी ते गोदामात गेले. केरबा अजून पोतीच उचलत होता, कारण अर्ज मुल्लाणींच्याच खणात पडून होता. मुल्लाणींनी माफी मागितली. ती दोन पानं पुन्हा तोंडानं सांग, मी जशीच्या तशी उतरवून घेतो, असं म्हणाले. केरबा पोत्यावर बसला आणि त्यानं घाम पुसला.

“आता न्हाय आठवत,” तो म्हणाला. “आठवलं तरी तुमास्नी न्हाय सांगायचा.”

मग तूच लिही, म्हणून मुल्लाणींनी कोरे कागद त्याच्याजवळ ठेवले. तीन दिवसांनी केरबानं एकच पान आणून टेबलावर टाकलं आणि परत गेला. मुल्लाणींनी त्यात काना-मात्राही बदलली नाही. आवक क्रमांक घातला आणि हंबीररावांपुढे ठेवलं. हंबीरराव बराच वेळ वाचत होते. महिन्याभरानं केरबाला फाटकावरचं काम मिळालं. तो मुल्लाणींशी नंतरही कधी मोकळा बोलला नाही, नुसती मान हलवायचा. तेवढंच आपल्या वाट्याचं, असं मुल्लाणी समजून होते.

त्यांनी एक शंभर पानी वही आणली. रोज सकाळी नळाला पाणी यायच्या आधी ते वही घेऊन बसू लागले. लिहिणं फार त्रासाचं होतं. वाक्य सुरू केलं की ‘सदर’ हा शब्द पुढं येऊन उभा राहायचा. खोडला की ‘उपरोक्त’. हुसेनबीच्या दारात उभं राहिल्यावर काय वाटलं, एवढंच लिहायला त्यांना आठ दिवस लागले, आणि आठव्या दिवशीही ते नीट जमलं नव्हतं. वही कशाला खराब करताय, असं नजीरा विचारायची.

नवव्या दिवशी त्यांनी लिहिलं, ‘बहिणीने विचारले, भांडून आलास काय. मी नाही म्हणालो. पण मी भांडूनच आलो होतो.’ यात सदर नव्हतं, उपरोक्त नव्हतं. ‘विचारले’ तेवढं त्यांनी वैतागून ‘विचारलं’ केलं. तेवढ्यात नळ खळखळला, आणि नजीरानं हाक न मारताच घागर त्यांच्या पुढ्यात आणून आदळली.