सरळ पाठ

धाकटीला कुबड आलं ते तेराव्या वर्षी. चाळिशीपर्यंत पाठ पार पिळवटून गेली. तरी थोरल्या बहिणीच्या घरी राहून ती पायमशीनवर गणवेश शिवायची, कुणाच्या अध्यातमध्यात नसायची. हल्ली मात्र चार पावलं टाकली की धाप लागायची.

मणक्यांच्या डॉक्टरांनी एक्स-रे उजेडासमोर धरला. "आहेत तिथेच मणके सळ्यांनी पक्के करता येतील. बाक राहील, पण वाढणार नाही. नाहीतर हाड कापून पाठ सरळ करायची. त्यात पाय जाऊ शकतात. मी पहिलंच सुचवेन."

"मलाही तेच हवंय," धाकटी म्हणाली.

बाहेर बाकावर ताईने तिचा दंड आवळला. "दोन स्थळं तुला बघून परत गेली. माझ्या पोरीने जन्मभर तुझं तोंड बघत बसायचं का?"

भाचीवर धाकटीचा जीव होता. तिने पाठ सरळ करायच्या ऑपरेशनसाठी सही केली.

ऑपरेशन मध्येच थांबवून तिला अर्धवट जागं केलं. "पायाची बोटं हलवा!" कुणीतरी कानाशी ओरडलं. तिने सगळा जीव एकवटला. बोटं ढिम्म. डॉक्टरांनी सळ्या घाईने सैल केल्या, थोडा बाक परत येऊ दिला. पाय मात्र आले नाहीत.

ताई खाटेपाशी आली आणि तिने बहिणीला नखशिखान्त न्याहाळलं. "काय सरळ दिसतेस गं! कुणी विचारलं तर जिन्यावरून पडलीस म्हणून सांगू."

घरी आल्यावर दर दोन तासांनी भाचीच तिची कूस बदलायची, पाय चोळायची. "मावशी, दुखतंय का?" दुखायला तिथे काही उरलंच नव्हतं.

तीन महिन्यांनी मुलाकडचे आले. चहा झाला, हसणंखिदळणं झालं. मुलाच्या आईने सहज विचारलं, "पडलात कशा हो?"

"पडले नाही," धाकटी म्हणाली. "कुबड होतं. ते कापून घेतलं. आमच्या रक्तातच आहे ते. हिच्याही पाठीला तिशीनंतर येईल."

रक्ताचं ते धडधडीत खोटं होतं. पण पाहुणे उठले.

ताईने आकांत केला, जिभेला हाड नाही म्हणून शिव्या घातल्या. दाराच्या चौकटीत उभी राहून भाचीने मावशीकडे एकदा पाहिलं आणि ती आपल्या खोलीत निघून गेली.

धाकटी डाव्या कुशीवर होती. दोन तास झाले, चार झाले. तिने हाक मारली नाही, आणि आपणहून कुणी आलं नाही.