खिशातले तीन फ्यूज

माणसाच्या साऱ्या दुःखाचं मूळ एकच आहे: तो जिथे असतो तिथे नसतो. एवढं लिहून मी पेन खाली ठेवलं, तेव्हा दूध उतू जाऊन गॅस विझलेला होता. मी शेगडीपासून चार फुटांवर बसलो होतो.

ओटा पुसत असताना नवनाथ आला. आमच्याच बिल्डिंगमध्ये खालच्या मजल्यावर राहतो, वय एकेचाळीस. वीज कार्यालयात वायरमन. रोज नाशिकहून हरसूलच्या बाजूला जातो.

“जय भीम, काका. उत्तर लिहून द्या. आज शेवटचा दिवस.”

हातात कारणे दाखवा नोटीस होती. पस्तीस वर्षं मी वर्तमानपत्रातून कार्यालयांची टिंगल केली. त्यामुळे मला अर्ज चांगले लिहिता येत असणार, असा बिल्डिंगचा समज आहे.

प्रकरण मला ठाऊक होतं. खांबावर चढणाऱ्याने आधी डीपीतले, म्हणजे खालच्या वीजपेटीतले, फ्यूज काढून स्वतःच्या खिशात टाकायचे, ही वायरमन लोकांची रीत. म्हणजे तो वर असताना खालचा कोणी उत्साही माणूस लाईट चालू करत नाही. शनिवारी संध्याकाळी नवनाथ एका पाड्यावर काम संपवून खाली उतरला, तेवढ्यात मुलीचा फोन आला. बोलत बोलत त्याने गाडीला किक मारली आणि तिन्ही फ्यूज जर्किनच्या खिशात घेऊन घरी आला. रविवारी सुट्टी. पाडा दोन रात्री अंधारात. सोमवारी त्यानेच जाऊन डीपी उघडली, फ्यूज नाहीत म्हणून नवे बसवले आणि चोरीचा अहवाल लिहून सही केली. अगदी मनापासून. मंगळवारी त्याच्या बायकोने, सविताने, जर्किन धुवायला काढलं.

बुधवारी तो फ्यूज घेऊन स्वतः कार्यालयात गेला. चोरी झाली होती तोवर कोणाची तक्रार नव्हती. वस्तू परत आली आणि नोटीस निघाली.

“तांत्रिक कारणास्तव विलंब, असं लिहू,” मी म्हटलं.

“नको. आजाराचं लिहा.”

आजार दोन महिन्यांपूर्वी कळला. मुलगी तेजल, तिचं वर्गात लक्ष नसतं म्हणून तिला डॉक्टरांकडे नेलं होतं. डॉक्टर प्रश्न विचारत होते आणि नवनाथ तीनदा उठून खिडकीपाशी गेला. डॉक्टरांनी मुलीचा कागद बाजूला ठेवून बापासाठी नवा घेतला. अवधान टिकत नाही. लहानपणापासूनचंच आहे, आता गोळ्या चालू.

“अरे, आजार एकदा फायलीत शिरला की निवृत्तीपर्यंत बाहेर येत नाही. तुला खांबावरून काढून टेबलावर बसवतील.”

“टेबलावर मी आठ दिवसांत संपेन, काका.” तो बसला, उठला, पुन्हा बसला. “पण चाळीस वर्षं मी निष्काळजी होतो. मास्तर म्हणाले, बाबा म्हणाले, सविता तर रोज म्हणते. आजारी होऊन दोनच महिने झालेत. मला तर बढती मिळाल्यासारखं वाटतंय.”

मी हसलो. तो हसला नाही.

“पाड्यावर कुसाबाई आहे. अंधारात पडली. खुब्याचं हाड मोडलं. भेटायला गेलो, सगळं सांगितलं. तर म्हणे, ‘लाईट व्हती तवा बी दोनदा पडले. तवा तू आला नाय.’ आणि सुनेला चहा ठेवायला सांगितला. काका, तिने शिव्या द्यायला पाहिजे होत्या.”

मग मी पेन उचललं. तो सांगत गेला, मी शब्द बदलला नाही. ‘माझं अवधान टिकत नाही, हा आजार आहे, गोळ्या चालू आहेत. पण खांबावर माझं मन पळत नाही. तिथे चुकलं तर मरण आहे, म्हणून मी पूर्ण हजर असतो. जमिनीवर पाय टेकला की मी सुटतो. चूक माझी आहे. आता फ्यूज काढले की गाडीची चावी डीपीच्या दाराला बांधतो. फ्यूज बसवल्याशिवाय चावी सोडत नाही, चावीशिवाय घर नाही. कुसाबाई पुन्हा चालतील की नाही, माहीत नाही.’

पत्र वाटेत राहू नये म्हणून मीही सोबत गेलो. अभियंता रूपाली मॅडमनी ते दोनदा वाचलं.

“चावी खरंच बांधता?”

नवनाथने खिशातून चावी काढली. तिला लाल सुतळीची लांब शेपटी होती. मॅडमनी सुतळीची गाठ ओढून पाहिली.

“लाईनवरच राहा,” त्या म्हणाल्या. “पत्र वर पाठवते. असं उत्तर या कार्यालयात आजवर आलेलं नाही.”

जिना उतरताना नवनाथ भिंतीकडे तोंड करून थोडा वेळ उभा राहिला. मी समोरच्या भिंतीवरच्या जाहिराती वाचल्या.

चौथ्या दिवशी तो माझ्याकडे बसलेला असताना कार्यालयातून त्याला फोन आला. त्याने तो घाईघाईने स्पीकरवर टाकला.

“नवनाथ, मॅडम विचारतायत, त्या उत्तराची अजून एक प्रत मिळेल का? पहिली इथेच कुठेतरी ठेवली होती.”