पितराचं रक्त

त्या गुरुवारी मेहरूणच्या लखीचंदशेठकडे अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. शेठ खुर्चीत बसले होते, तोंड अर्धवट उघडं. गिरधरबाबानं त्यांच्या तळहातांवर पिवळा भंडारा चोळला, हात परातीतल्या पाण्यात बुडवले आणि पाणी लाल झालं. बायकांनी पदर तोंडाला लावले.

"खापरपणजोबा अंगात बसलेत, रक्त ओकतायत," बाबा म्हणाला. "अजून दोन गुरुवार. तोवर दवाखाना बंद. औषधाच्या वासानं पितर चवताळतो."

पितराला रक्त असतं, नाक असतं आणि तो वार पाहून बाहेर पडतो, यातलं काहीच कुणाला खटकलं नाही. पदवीधर मुलगा हितेंद्र तर हात जोडून उभा होता.

सून राजकुंवर मात्र धुमसत होती. चार महिन्यांपूर्वीपर्यंत धान्याचे भाव तोंडपाठ सांगणारे सासरे, बाबूजी, आता तिलाच "तुम्ही कोण?" विचारत. सारखं डोकं धरून बसत. एका डॉक्टरनं न तपासताच "वय झालं" म्हटलं आणि घराला हा बाबा सापडला. हा त्याचा पाचवा गुरुवार.

धुणं करणाऱ्या बेबाबाईनं शेठचे हात पुसलेला टॉवेल उचलला आणि हळूच म्हणाली, "भाभी, हाई हळद शे. साबण लागना का लाल व्हस."

राजकुंवरनं स्वयंपाकघरातून हळद आणली, पानाच्या डब्यातला चुना वाटीभर पाण्यात कालवला आणि सगळ्यांसमोर हळदीचा हात त्यात बुडवला. पाणी लाल झालं.

"बाबा, माझे पितर किती गुरुवार घेतील?"

"जिथं श्रद्धा नाही, तिथं मी थांबत नाही," म्हणत बाबानं आपली चुन्याच्या पाण्याची परात उचलली.

दुसऱ्या दिवशी ती बाबूजींना मेंदूच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली.

"माणूस चार महिन्यांत म्हातारा होत नाही," डॉक्टर म्हणाले. त्यांनी मणक्यातून पाणी काढून तपासायला पाठवलं. मेंदूच्या आवरणाला बुरशीचा संसर्ग झाला होता. औषध होतं, ते लगेच सुरू झालं.

तिसऱ्या आठवड्यात बाबूजींनी विचारलं, "राजकुंवर, मक्याचा भाव काय?"

ती रडली. आठवण परतली, पण आजारात गेलेली डाव्या डोळ्याची नजर परतली नाही. "महिनाभर आधी आणायला हवं होतं," डॉक्टर म्हणाले. तो महिना परातीत गेला होता.

घरातलं वडीलधारं माणूस अचानक विसरू लागलं, बरळू लागलं, तर त्याला वयाच्या किंवा पितराच्या खात्यात टाकू नका. प्रत्येक विसरणं बरं होत नाही, पण काहींमागे साधा जंतू असतो आणि त्यावर उपाय असतो. आधी तपासून घ्या.